खाटेपाशी बसलेल्या माणसाचे ऐका

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेले भाषण. जागेअभावी थोडे आटोपशीर केले आहे.)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोलतो आहोत. आता हा माणूस उठला आणि दवाखान्यावर बोलणार म्हणतो, म्हणजे मागच्या रांगेतल्या काही जणांना चहाला जायला बरी संधी आहे. पण जरा थांबा.

आपण एकरी खर्च मांडतो. बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, एकेक पैसा लिहितो. फवारताना माणूस पडला, त्याला गाडी करून यवतमाळला नेला, आठ दिवस त्याची बायको खाटेपाशी बसली, तिची मजुरी बुडाली, वर उसनवारी झाली. हा खर्च आपण कोणत्या रकान्यात लिहितो? कुठेच नाही. तो नशिबाच्या खात्यावर टाकतो. मला आज त्या खर्चाबद्दलसुद्धा फारसे बोलायचे नाही. मला त्या खाटेपाशी बसलेल्या बाईबद्दल बोलायचे आहे.

कापसाची गाडी घेऊन आपण जिनिंगवर जातो तेव्हा काट्याजवळ उभे राहतो. वजन नीट बघतो, किती कापले ते विचारतो, पावती घेतल्याशिवाय हलत नाही. पूर्वी असे नव्हते. आमचे वडील काट्यापासून दहा हात लांब उभे राहायचे आणि जे सांगितले ते खरे मानायचे. फसवले गेलो, भांडलो, मग उभे राहायला शिकलो. पण तोच माणूस दवाखान्याच्या दारात गेला की पुन्हा त्याचा बाप होतो. टोपी हातात येते. नळीतून काय चालले आहे, का चालले आहे, कधी संपणार, काही विचारत नाही. विचारले तर रागावतील आणि रागावले तर बघणार नाहीत, ही भीती. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः ती अनुभवली आहे.

सतरा सालची गोष्ट

२०१७ चा हंगाम या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्या चालल्या होत्या. जुलैपासून माणसे डोळ्यांची आग, उलट्या, अंधारी घेऊन दवाखान्यात यायला लागली. जिल्ह्यात वीसच्या वर माणसे गेली आणि शेकडो जण खाटांवर पडले. चौकशी समिती बसली, हायकोर्टात अर्ज झाले, सगळे झाले.

त्यात माझा चुलतभाऊ होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दिवसभर फवारून संध्याकाळी घरी आला, अंगणात ओकला, तोंडाला फेस आणि अंगाला घामाच्या धारा. ज्या दवाखान्यात नेले त्याचे नाव मी घेणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'कोणतं औषध फवारलं?' आम्ही पाच जण उभे होतो. एकालाही सांगता आले नाही. कोणी म्हणाले लाल झाकणाचे, कोणी म्हणाले दुकानदाराने दिले ते.

मी मोटारसायकल काढली आणि परत गावाला आलो. रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर शोधत होतो. दोन बाटल्या सापडल्या आणि पावडरचे एक फाटके पाकीट. पंपात तिन्ही एकत्र गेले होते. ते घेऊन पोचलो तोवर बारा वाजून गेले होते.

बाटलीने काय फरक पडतो, हे मला त्या दिवशी कळत नव्हते. नंतर समजून घेतले, ते तुम्हाला सांगतो. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट ही एका जातीची विषे. ती शरीरातल्या शिरांचा एक लगाम सोडून देतात, म्हणून लाळ, घाम, उलटी, छातीत पाणी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्यांच्यावर ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन चालते, आणि ते पुष्कळ द्यावे लागते. पण डायफेन्थियुरॉन त्या जातीचे नाही. त्याच्यावर असा नेमका उतारा नाही, जे दिसेल त्याप्रमाणे उपचार करावा लागतो. सायपरमेथ्रिन आणखी तिसरेच. डॉक्टरला नाव माहीत नसेल तर तो अंदाजाने चालतो. रक्ताची एक तपासणी असते, कोलिनएस्टरेजची, तिच्यावरून पहिल्या जातीचे विष ओळखू येते. त्या हंगामात ती तपासणी आपल्याकडे सहज होत नव्हती. म्हणजे धुऱ्यावर पडलेली बाटली हीच आमची प्रयोगशाळा होती, आणि ती आम्ही फेकून दिली होती.

दोन्हीला आपण 'औषध'च म्हणतो, पिकावरच्यालाही आणि माणसाच्यालाही. त्यामुळेही घोळ होतो. दवाखान्यात 'औषध घेतलं का' विचारले तर माणूस 'हो' म्हणतो आणि त्याच्या केसपेपरवर विष प्यायला असे लिहिले जाते. फवारताना बाधा झाली आणि विष घेतले या दोन गोष्टींत कायद्याने आणि मदतीच्या पैशाने केवढे अंतर आहे ते विधवांना विचारा. म्हणून भरती करताना लिहून घेणाऱ्याला स्पष्ट सांगायचे, 'फवारणी करताना लागलं, प्यायला नाही,' आणि काय लिहिले ते वाचून दाखवा म्हणायचे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारे पोर जवळ ठेवा.

आता वहिनीची गोष्ट. तिसऱ्या दिवशी भावाची तब्येत सुधारली. उलट्या थांबल्या, लाळ थांबली, बोलायला लागला. आम्हाला वाटले सुटलो. मी घरी गेलो, बैलांना वैरण टाकायला कोणी नव्हते. वहिनी एकटी खाटेपाशी. रात्री दोन वाजता तिने त्याला पाणी पाजायला उठवायचा प्रयत्न केला तर त्याची मान उशीवरून उठेना. शुद्ध होती, डोळे उघडे होते, पण मान उठेना. ती सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली, अशक्तपणा आहे, सकाळी राउंडला सांगा. ती परत येऊन बसली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. त्या वेळी तिला जरा मोठ्या आवाजात सांगण्यात आले की बाई, वॉर्डात तुझाच एकटा माणूस नाही. चार वाजता त्याचा श्वास वर-वर लागला, तेव्हा धावपळ झाली आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतले.

भाऊ वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. आजही चहाचा कप दोन हातांनी धरतो. वहिनी मला एकच विचारते, 'भाऊजी, मी दोन वाजता सांगितलं होतं. तेव्हाच ऐकलं असतं तर?'

मी पुढे एका जाणत्या डॉक्टरांना हे विचारले. ते म्हणाले, 'तुमच्या वहिनीने अचूक ओळखलं होतं.' पहिल्या जातीच्या या विषात, पहिली लाट ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत मानेचे, खांद्याचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. सगळ्यांना होत नाही, पण होते तेव्हा पहिली खूण बहुतेक वेळा हीच, की निजलेल्या माणसाला उशीवरून डोके उचलता येत नाही. वैद्यकाच्या पुस्तकात आहे. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तक तिने वाचले नव्हते, पण माणूस वाचला होता, वीस वर्षे.

त्या सिस्टरला मी शिव्या देणार नाही. त्या रात्री वॉर्डात खाटांपेक्षा माणसे जास्त होती, खाली सतरंज्यांवर रुग्ण होते, आणि बघायला ती एक आणि एक शिकाऊ डॉक्टर. चाळीस माणसांमागे चार डोळे. पण त्याच वॉर्डात चाळीस नातेवाईक जागे होते. म्हणजे ऐंशी डोळे. त्या ऐंशी डोळ्यांना कोणी सांगितले नव्हते की काय बघायचे, आणि बघितले तर कोणाला सांगायचे.

काय बघायचे

तर ते आता सांगतो. पोरांनो, लिहून घ्या.

माणूस पडल्याबरोबर त्याचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, केससुद्धा. धुणाऱ्याने हाताला पिशवी बांधावी. फवारणीच्या कपड्यांतच दवाखान्यात नेला आणि तसाच निजवला तर विष कातडीतून आत जातच राहते. मिठाचे पाणी पाजून ओकवू नका. १०८ ला फोन करा. बाटल्या, पाकिटे, दुकानाचे बिल सगळे एका पिशवीत घालून सोबत न्या. लेबलवरचा चौकोन बघा, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरव्याला भुलू नका, दिवसभर अंगावर घेतले तर तेही सोडत नाही.

ॲट्रोपिन चालू असले की तोंड कोरडे पडते, अंग तापते, माणूस बरळतो, चादर ओढतो, हवेतले काहीतरी पकडतो. लागीर झाले म्हणून अंगारा आणायला पळू नका. औषधाचा अंमल जास्त झालेला असू शकतो, तो सिस्टरला सांगायचा. आणि उलट, कोरडे झालेले तोंड पुन्हा लाळेने भरले, अंगाला पुन्हा घाम सुटला, छातीत घुरघुर आली, तर विष पुन्हा उसळले असे समजून लगेच सांगायचे. लघवी किती वेळात झाली नाही ते लक्षात ठेवायचे. आणि दर दोन-तीन तासांनी त्याला म्हणायचे, 'डोकं उचला.' रात्रीसुद्धा. उचलता आले नाही, किंवा काल उचलले होते तेवढे आज उचलत नाही, तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.

सांगायचे कसे, यालाही महत्त्व आहे. 'कसंतरी करतात हो' असे म्हटले तर दमलेला माणूस ऐकत नाही. 'संध्याकाळी सात वाजता डोकं उचलत होते, आता दोन वाजता उचलत नाहीत,' असे म्हटले तर ऐकावे लागते. वेळ सांगा, आधी काय होते आणि आता काय आहे ते सांगा. एका चिटोऱ्यावर लिहून ठेवा. दुधाचा रतीब लिहितो तसे.

घाटंजी तालुक्यातले बारा मुलांचे प्रकरण

फवारणीपुरतेच हे आहे असे समजू नका. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कापसी-कोपरी गावात बारा लेकरांना पोलिओच्या डोसऐवजी हात धुवायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. करोनाचा काळ होता, तेव्हा हे पाणी जिथे-तिथे ठेवलेले असायचे. लेकरांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी घरी आली. मग डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशा अशा तिघांना निलंबित करणार असे जिल्हा परिषदेने जाहीर केले. पेपरात दोन दिवस गाजले आणि संपले.

इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. त्या वेळी गावागावांत 'घरी बसवा त्यांना' एवढेच ऐकू आले. मान्य, चूक भयंकर होती. पण तिघांना घरी बसवल्याने पुढच्या पोलिओला, दुसऱ्या गावात, दुसरी दमलेली बाई दुसरी बाटली उचलणार नाही याची काय हमी? उलट शिक्षेची धास्ती बसली की चूक झालेली माणसे ती झाकायला लागतात. आपलीच गोष्ट घ्या. सालदाराने चुकून तणनाशकाचा पंप पऱ्हाटीवर मारला आणि तुम्ही त्याला हाकलाल हे त्याला माहीत असेल, तर तो लगेच सांगेल का? सांगितले असते तर पाणी मारून चार ओळी वाचल्या असत्या. प्रश्न विचारायचा तो असा, की लसीची बाटली आणि सॅनिटायझर जवळजवळ आलेच कसे? तोंडात थेंब पडायच्या आधी ती बाटली दुसऱ्या कोणी पाहिली का?

दुसरी कोणी म्हणजे कोण? ती तिथेच उभी होती. लेकरू तिच्याच कडेवर होते. पोलिओच्या लसीची कुपी लहान असते, आपल्या अंगठ्याएवढी, तिला थेंब पाडायची नळी असते, आणि तिच्या लेबलवर एक गोल असून त्यात एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उन्हाने-उष्णतेने तो गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की ती लस फेकून द्यायची. गोल आणि चौकोन ओळखायला चौथी पास व्हावे लागत नाही. आपल्या बायका वेचलेल्या कापसात कवडी किती आणि पांढरा किती हे नुसत्या नजरेने सांगतात. त्यांना हे एकदा दाखवले तर त्या जन्मभर विसरणार नाहीत.

पण आपल्या बायकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे टाका असे मी म्हणत नाही. चुकली तर आईची चूक, असे उद्या कोणी म्हणायला नको. जबाबदारी दवाखान्याचीच. माझी मागणी एवढीच, की देणाऱ्याने आधी बाटली आईला दाखवावी आणि मग थेंब द्यावा. इंजेक्शन असेल तर नाव मोठ्याने वाचून, रुग्णाचे नाव विचारून, मग सुई. याला निधी लागत नाही, मंत्रालयातून फाइल यावी लागत नाही. आणि आशाताई आपल्याच गावची सून असते. तिने बाटली दाखवली म्हणून तिचा मान कमी होत नाही, तिच्याच मानेवरचा दोर सैल होतो.

लंडनची एक मुलगी

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डॉक्टर नाहीत, खाटा नाहीत, म्हणून हे होते. जिथे सगळे आहे तिथे होत नसेल. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दवाखान्यात उपचार घेणाऱ्या दर दहा माणसांमागे साधारण एकाला उपचारामुळेच काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते.

२०२१ साली लंडनमध्ये मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी मेली. सायकलवरून पडली, पोटात स्वादुपिंडाला मार बसला, मोठ्या नावाजलेल्या रुग्णालयात होती. तिथे तिच्या रक्तात जंतू पसरले. आई-वडील रोज सांगत होते की तिची तब्येत बिघडते आहे. त्यांची समजूत काढली गेली. अतिदक्षता विभागात तिला वेळेवर हलवले नाही. पुढे मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, आणि वेळेवर हलवले असते तर ती बहुधा वाचली असती असा निष्कर्ष निघाला. आई वर्तमानपत्रात काम करणारी, शिकलेली, इंग्रजी तिची मातृभाषा. तिचेसुद्धा ऐकले नाही. म्हणजे वहिनीचे ऐकले नाही ते ती अडाणी होती म्हणून, असे कोणी समजू नये.

त्या आईने लढा दिला. २०२४ पासून इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' सुरू झाला, पहिल्या टप्प्यात १४३ रुग्णालयांत. नियम असा, की आपल्या माणसाची तब्येत बिघडते आहे आणि वॉर्डातले ऐकत नाहीत असे नातेवाइकाला वाटले, तर तो थेट दुसऱ्या पथकाला फोन करू शकतो. त्या वॉर्डाशी संबंध नसलेला डॉक्टर किंवा सिस्टर येऊन रुग्णाला बघतो. आणि रोज रुग्णाला व नातेवाइकाला विचारायचे, 'कालच्यापेक्षा आज कसं वाटतं?' आणि ते लिहून ठेवायचे.

वहिनीच्या हातात दोन वाजता असा एक नंबर असता तर!

शेजारच्या जिल्ह्यातले काम

इंग्लंड लांब आहे, अमरावती जवळ आहे. २००७ साली ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख' नावाचे काम सुरू झाले. पहिले जिल्हे पाच होते, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे. राज्यपातळीवर पुण्याच्या साथी संस्थेने त्याची जुळवाजुळव केली. गावच्या समितीने आरोग्य केंद्राची माहिती स्वतः गोळा करायची. सिस्टर येते का, औषधे आहेत का, बाळंतिणीकडून पैसे घेतले का. मग गावचे प्रगतिपुस्तक करायचे, चांगले असेल तिथे हिरवा, मधले पिवळा, वाईट लाल. आणि जनसुनवाई घ्यायची, तिथे एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला रुग्ण. ज्याच्यावर बेतले त्याने उठून सांगायचे आणि अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे.

मोर्चा आपल्यालाही येतो. पण मोर्चात आपण निवेदन देतो आणि घरी येतो. जनसुनवाईत माणूस तारीख, वेळ, केसपेपर घेऊन उभा राहतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच अधिकारी समोर येतो तेव्हा मागच्या वेळी काय कबूल केले ते वाचून दाखवले जाते. त्या प्रगतिपुस्तकात मला एक रकाना वाढवावासा वाटतो, 'नातेवाइकाने धोका सांगितला तेव्हा कोणी येऊन पाहिलं का?' हो की नाही.

कागद आपला आहे

काही गोष्टी मागायच्या नाहीत, त्या आहेतच. डॉक्टरांच्या परिषदेचे २००२ चे नियम आहेत, त्यांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने खासगी दवाखान्यांचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावणे आता बंधनकारक आहे, आणि तक्रार ऐकायची यंत्रणा ठेवायची आहे. पुढच्या वेळी खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर बघा. देवाचा फोटो असतो, डॉक्टरांचा सत्काराचा फोटो असतो. सनद आहे का ते बघा. आणि १९९५ पासून सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात आणला आहे. पण कोर्टात जायचे तरी हातात कागद लागतो.

कागदाचे मोल किती ते एका गोष्टीवरून कळेल. सतरा सालच्या बाधितांनी आपली संघटना बांधली. २०२० साली आपल्या जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे, तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण विचार करा, समुद्रापलीकडे उभे राहायला या माणसांजवळ काय लागले असेल? कोणते औषध, कोणत्या दिवशी, कोणत्या दवाखान्यात. ज्याच्या घरी बाटली फेकली, बिल चुलीत घातले आणि डिस्चार्ज कार्ड उंदरांनी खाल्ले, त्याची वेदना तेवढीच खरी, पण तो कशाच्या जोरावर बोलणार?

आपण काय मागायचे

१७ सप्टेंबर हा जगात रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळतात. २०२३ साली त्याचा विषयच होता, रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना सामील करून घ्या. सप्टेंबर म्हणजे आपल्या फवारणीचा ऐन हंगाम. म्हणून माझी सूचना अशी, की त्याच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता यांच्याकडे आपले पाच-सात जण जावेत. घोषणा नकोत. सोबत दोन बाया असाव्यात ज्या स्वतः खाटेपाशी बसल्या आहेत.

मागायचे ते असे. हंगामात विषबाधेच्या वॉर्डात रोज सकाळी दहा मिनिटे सगळ्या नातेवाइकांना एकत्र करून काय बघायचे ते मराठीत सांगावे, आणि जिथे गरज असेल तिथे गोंडीत, कोलामीत किंवा बंजारा बोलीत. भिंतीवर चित्रांचा फलक लावावा. रात्री ऐकले नाही तर कोणाला फोन करायचा तो एक नंबर त्याच फलकावर असावा, आणि तो उचलला जावा. खाटेजवळ एकच माणूस थांबू द्यायचा नियम असेल तर असू दे, पण त्या माणसाला हाकलू नये. भरतीच्या वेळी औषधाचे नाव लिहायला केसपेपरवर जागा असावी. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत 'या महिन्यात काय चुकलं' हा विषय घ्यावा, कोणाला निलंबित करायला नव्हे, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले हे ऐकायला.

अधिकारी म्हणतील, नातेवाईक डॉक्टरांना मारतात, त्यांना कशाला जवळ करायचे. हे बोलणे ऐकून घ्यावे लागेल, कारण काही ठिकाणी ते खरे आहे. हात उचलणाऱ्याची बाजू आपण घ्यायची नाही. पण दोन वाजता सांगून चार वाजेपर्यंत कोणी आले नाही, म्हणजे माणसाच्या मनात काय होते, हेही त्यांनी समजून घ्यावे. आधी ऐकणारे कोणी असले तर पुढचे पुष्कळ टळते.

आणि आपल्याकडून काय? गावात फवारणी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गावाच्या शाखेने एक वही ठेवावी. कोणाच्या वावरात, कोणते औषध, कोण फवारणार. मजूर असला तर त्याला कोणते औषध आहे ते मालकाने आधी सांगायचे. हे आपल्यालाच लागू आहे, बरे का. सतरा साली खाटांवर पडलेल्यांत फवारणीच्या मजुरीवर गेलेले पुष्कळ होते. पंपात काय होते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि न सांगणारे आपणच होतो.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. वहिनी आज इथे आलेल्या आहेत, बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना माईकवर बोला म्हटले तर त्या उठून जातील, म्हणून मी आग्रह करणार नाही. पण जेवणानंतर मागच्या पडवीत दोन सतरंज्या टाकल्या आहेत. एकाने निजायचे आणि दुसऱ्याने बघायचे, मान किती उचलते, हाताची पकड किती, श्वास पोटाने चालतो की छातीने, हे त्या करून दाखवणार आहेत. आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टरही सोबत थांबायला कबूल झाल्या आहेत. प्रत्येक गावातून निदान एक बाई आणि एक माणूस तिथे बसावा. जुने केसपेपर आणले असतील तर तेही सोबत घ्या, लावून ठेवायला पोरे बसवली आहेत.